नेपाळची भाषा फक्त नेपाळी नव्हे

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतल्या नेपाळवरच्या प्रवासलेखात ‘नेपाळची भाषा नेपाळी, लिपी देवनागरी, त्यामुळे मराठी माणसाचे काही अडत नाही’ असे वाक्य आहे. पाट्या वाचण्यापुरते ते खरे. पण यजमानांच्या नोकरीमुळे मी अकरा वर्षे काठमांडूशेजारच्या पाटणला राहिले, म्हणून ते वाक्य मनाला लागले.

आमचे घरमालक नेवार, म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांपैकी. घरातल्या म्हातारीला सगळे ‘अजि’ म्हणत. नेवारांच्या नेपाल भाषेत आजीला अजि आणि आजोबांना अजा म्हणतात, हे कळले तेव्हा परमुलखात कुणी आपले भेटावे तसे वाटले. बाकी बोलणे मात्र एक अक्षर कळेना. नाव नेपाल भाषा असले तरी नेपाळीशी तिचे नाते नाही. ती तिबेटी-बर्मी कुळातली. नेपाळी आपल्या मराठीच्या नात्यातली, म्हणून ती मला वर्षभरात बोलता येऊ लागली. तँ, तिमी, तपाईं, हजुर या आदराच्या चढत्या पायऱ्या (आपल्या तू, तुम्ही, आपणसारख्या) नीट जमायला मात्र आणखी दोन वर्षे गेली. फार गोड भाषा आहे, तिच्यावर माझा राग नाही.

संध्याकाळी नातू शाळेतून आला की अजि ओट्यावरूनच विचारायची, ‘जा नये धुनला?’ जेवलास का? तो दप्तर टाकत म्हणायचा, ‘खाइसकेँ.’ प्रश्न नेपाल भाषेत, उत्तर नेपाळीत. त्याला सगळे समजायचे, पण बोलायचा नाही. एरवी गल्ली दणाणून सोडणारी हीच अजि वडा (वॉर्ड) कार्यालयात गेली की गप्प व्हायची. साधा कागद करायचा तरी नेपाळी बोलायला सुनेला बरोबर न्यावे लागे.

हे आपोआप झालेले नाही. पंचायत काळात, म्हणजे १९९० पर्यंतच्या राजाच्या पक्षविरहित राजवटीत, ‘एउटै भाषा, एउटै भेष, एउटै देश’ (एकच भाषा, एकच वेश, एकच देश) हे धोरण होते. १९६५ साली रेडिओ नेपाळवरच्या नेपाल भाषेतल्या बातम्या बंद केल्या गेल्या. पुढे लोकशाही आल्यावर काठमांडू महानगरपालिकेने आपल्या कामकाजात नेपाल भाषा आणली, तराईतल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट भागातल्या, काही स्थानिक संस्थांनी मैथिली. सर्वोच्च न्यायालयाने १ जून १९९९ रोजी ते निर्णय रद्द केले. तो दिवस नेवार आजही काळा दिवस म्हणून पाळतात.

२०१५ च्या संविधानाने मात्र एक मोठी गोष्ट केली. नेपाळमध्ये मातृभाषा म्हणून बोलल्या जाणाऱ्या सगळ्याच भाषा ‘राष्ट्रभाषा’ ठरल्या. नेपाळी ही सरकारी कामकाजाची भाषा राहिली, आणि प्रदेशांना (प्रांतांना) तिच्याबरोबर आणखी भाषा निवडण्याची मुभा मिळाली. बागमती प्रदेशाने नेपाल भाषा आणि तामाङ यांना तसे स्थान दिलेही आहे. २०२१ च्या जनगणनेत १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या. नेपाळी मातृभाषा असलेले सुमारे ४५ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. त्याखालोखाल मैथिली, ११ टक्क्यांच्या आसपास. त्यांतली कुसुंडा ही भाषा तर कुठल्याच भाषाकुळात बसत नाही. ती अस्खलित बोलणाऱ्या ग्यानी मैया सेन २०२० मध्ये गेल्या, तेव्हा बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले.

संविधानात आले म्हणजे वडा कार्यालयाच्या खिडकीत आले, असे होत नाही. खिडकीपलीकडच्या माणसाला ती भाषा यावी लागते, अर्ज तिच्यात छापावे लागतात, शाळेत ती शिकवावी लागते. पैसा आणि माणसे तिथे लागणार आहेत. अजिने ते दिवस पाहिले नाहीत.

म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या वेळी ‘नेपाळची भाषा नेपाळी’ असे सरसकट न छापता ‘सरकारी कामकाजाची भाषा नेपाळी’ असे छापावे. आणि आपल्या वाचकांपैकी कुणी पाटणला गेले, तर चौकात बसलेल्या म्हाताऱ्यांना ‘नमस्ते’ऐवजी ‘ज्वजलपा’ म्हणून पाहावे. नेवारांचा नमस्कार तो.

– एक वाचक, निवृत्त शिक्षिका