बासला गळा देणाऱ्या काकांना

पुणे, २७ सप्टेंबर

आदरणीय काका,
सा. न.

१९८६ साली आजच्याच तारखेला स्वीडनमध्ये मेटालिका या अमेरिकन मेटल बँडची बस उलटली आणि त्यांचा बास गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन गेला. वय चोवीस. बुधवार पेठेतल्या तुमच्या वाद्यदुरुस्तीच्या माळ्यावर त्याचा फोटो नाही, आणि लावायचा म्हटला तरी हार्मोनियमचे भाते, मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर आणि कुणाचा तरी नादुरुस्त मिक्सर यांच्यात जागा कुठे आहे? पण पुण्यात मेटल वाजवणाऱ्या पोरापोरींचा बास आज दोन गिटारींच्या गदारोळात ऐकू येतो, तो तुमच्यामुळे. ते चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी बर्टनच्या सामानाची यादी म्हणून दाखवतो. रिकनबॅकर ४००१ ही बास गिटार, मोर्लीचा वाह (पायाने आवाज ‘वाऽह’ असा उघडमीट करणारं पेडल), बिग मफ (आवाज फाटका, केसाळ करणारं फझ पेडल). तुम्ही ती शेवटपर्यंत ऐकून घेता आणि विचारता, ‘गिटार कुठे वाजत नाहीये?’ बर्टनने मेटालिकात काय केलं ते या एका प्रश्नात येतं. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्‌झवर, बासची ४१ वर. बासने गिटारचंच बोट धरून खाली चालायचं, ही तेव्हाची रीत. बर्टन मात्र मधल्या सप्तकात चढायचा, तेही प्लेक्ट्रमशिवाय, नुसत्या बोटांनी. १९८४ च्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’च्या सुरुवातीची ती सरपटणारी सुरावट अनेकांना गिटारची वाटते, ती फझ आणि वाह लावलेल्या बासची आहे.

आता हे घरी करायला गेलं की घोडं कुठे अडतं, ते तुमच्याइतकं नेमकं कुणी सांगितलं नाही. बासला सरळ बिग मफ लावला की खोलीत एकट्याने वाजवताना छाती भरून येते. ड्रम आणि गिटार सुरू झाले की तोच बास गायब. कारण त्या पेडलचा टोनचा भाग नेमका मधला पट्टा खातो, आणि गर्दीत बास ओळखू येतो तो त्याच पट्ट्यामुळे. मग मुलं आवाज वाढवतात, खाली नुसती घुमघुम वाढते, आणि साउंडवाला वैतागून बासच बंद करतो.

यावरची तुमची पत्र्याची डबी आता बऱ्याच पेडलबोर्डांवर दिसते. बर्टनकडे असलं काही होतं असा दावा तुम्ही कधी केला नाहीत. ही आपल्या गरजेची डबी. बासचा सिग्नल आत आला की त्याच्या दोन वाटा: एक कोरी, एक फझची. नुसती वाय-केबल लावून हे साधत नाही, कारण दोन्हीकडचा भार तारेचं कंपन टिपणाऱ्या पिकअपवर येतो आणि तारेची चमक मरते. म्हणून आत टीएल०७२ ही एक चिप. तिचा अर्धा भाग बफर, म्हणजे पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारा, इनपुटला १ मेगओहम. दुसरा अर्धा, १० किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर लावून, तरंग उलटा करतो. शेजारी एक खटका. तो खटका कशाला, हे बहुतेकांना पहिल्या दिवशी कळत नाही. काही फझ पेडल तरंग उलटा करूनच बाहेर सोडतात. तो कोऱ्या आवाजात मिसळला की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि बास पोकळ वाटतो. खटका दाबायचा, ज्या बाजूला पोट भरल्यासारखा आवाज येईल तिथे ठेवायचा. वाह नेहमी फझच्या वाटेवर, कारण तो खालचे सूर कापतोच. कोरी वाट त्याच्यापासून लांब राहिली की तळ हलत नाही.

वाहवरून आठवलं. मोर्लीच्या वाहमध्ये पायाखाली घासणारा पोटेन्शिओमीटर नसतो, दिवा आणि प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर असतो. म्हणून धुळीने त्याची खरखर होत नाही. बाकीच्यांच्या वाहमध्ये आपल्या रस्त्यांची धूळ साचते, आणि पोरं दोष देतात केबलला!

पण तुमचा खरा ऋणनिर्देश करायचा तो हार्मनीसाठी. बर्टनला संगीताचं शास्त्र येत होतं, बाख आवडायचा, आणि एकावर एक सूर कसे रचायचे हे त्याच्याकडून शिकल्याचं मेटालिकाचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्डने सांगितलेलं आहे. १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्ये हे उघड दिसतं. ‘ओरायन’चा मधला संथ भाग बासच उघडतो. ‘डॅमेज, इंक.’ची सुरुवात म्हणजे हळूहळू फुगत येणाऱ्या बासचे थरावर थर. ते थर एकाच वेळी का वाजवता येत नाहीत, हे तुम्ही पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडून दाखवलंत. जाड तारेचा ई ४१ हर्ट्‌झ, त्यावरचा जी ४९. दोन्ही एका फझमधून गेले की फरकाचा, म्हणजे ८ हर्ट्‌झचा, थरथराट तयार होतो. तो सूर म्हणून ऐकू येत नाही, नुसता चिखल होतो. म्हणून प्रत्येक सूर वेगळा ध्वनिमुद्रित करायचा, शक्यतो बाराव्या पडद्याच्या आसपास. व्हॉल्यूमचं पेडल शून्यावर ठेवून तार छेडायची, मग सेकंदाभरात पेडल उघडायचं. छेडल्याचा टणका ऐकू आला तर पाय लवकर उघडला असं समजायचं.

तार पडद्याला घासून येणाऱ्या धातूच्या किणकिणाटाला तुम्ही ‘जवारी’ म्हणता. तंबोऱ्याचा माणूस तुमच्या आत बसलाय, त्याला इलाज नाही. पण शब्द चपखल आहे. जवारी हवी, खडखडाट नको. मानेचा बाक आठव्या पडद्यापाशी ०.३ मिलिमीटर खोल, बाराव्यावर जाड तार २ ते २.५ मिलिमीटर उंच, बारीक तार त्याहून थोडी कमी. पावसाळा लागला की मान हलते; कुठल्या अंगाला, ते ज्या-त्या लाकडावर. म्हणून आधी मोजायचं. ट्रस रॉड, म्हणजे बाक बदलणारी मानेतली सळी, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि जुन्या रिकनबॅकरला तर रॉडच्या जोरावर मान वळवायचीच नाही. तिथे मान हाताने दाबून आणायची आणि मग नट नुसता टेकवायचा, नाहीतर फिंगरबोर्डच उखडतो.

आणि ती अर्थिंगची गोष्ट. जुन्या वाड्यांतल्या वायरिंगवर पन्नास हर्ट्‌झची घूं बंद व्हावी म्हणून प्लगची मोठी पिन काढून टाकणारे शहाणे अजून आहेत. अ‍ॅम्प बिघडला तर करंट तारांतून हातात येतो. तुम्ही अशा मुलांना दुकानातच झापता, आणि मग मल्टिमीटर लावून ब्रिजपासून जॅकपर्यंतची अर्थची वायर तपासता. बहुतेकदा तीच सुटलेली असते.

मेटालिकाच्या बर्टननंतरच्या, १९८८ च्या अल्बमवर बास जवळपास ऐकूच येत नाही. तुम्ही तो एकदा लावायला सांगितलात, दोन गाणी ऐकलीत आणि ‘इथे जागा ठेवली नाही’ म्हणून बंद केलात. तेवढ्यात आम्हाला ‘जागा’ म्हणजे काय ते कळलं.

डबीचा नकाशा स्वच्छ काढून त्याच्या झेरॉक्स तुमच्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या आहेत. कुणी मागितली की द्या, म्हणजे दर वेळी पाकिटाच्या पाठीवर काढत बसायला नको. परवाच्या कामाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ते सोल्डर वायरच्या रिळाखाली आहेत. परत पाठवू नका.

आपले,
पुण्यातले बास वाजवणारे