ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत हरित इमारतींवरचा लेख वाचला आणि राहवेना म्हणून लिहितो. सौर पॅनेल, एलईडी, सेन्सर सगळं लेखात आहे, सोबत काचेच्या उंच मनोऱ्याचा मोठा फोटो आहे. पण त्या काचेवर दुपारी पडणाऱ्या उन्हाबद्दल एक ओळही नाही.

मी 31 वर्षं नरिमन पॉइंटच्या एका इमारतीत एसी प्लांटवर ऑपरेटर होतो. साहेबांच्या केबिन पश्चिमेला. तीन वाजले की वरून फोन यायचा, केबिन तापली, दुसरा चिलर (एसीचं पाणी गार करणारं यंत्र) लावा. तो लावला की मधल्या हॉलमधल्या बायका भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायच्या, गार हवा येणाऱ्या ग्रिलवर पुठ्ठे चिकटवायच्या. चार केबिनच्या काचेसाठी अख्खा मजला गारठायचा आणि मीटर पळायचा. खिडक्यांना बाहेरून छज्जे करा, असं मी दोनदा लेखी दिलं होतं. दोन्ही वेळा आतून पडदे लागले. पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे उष्णता खोलीत आलीच. ती बाहेर काढायची ती चिलरनेच.

आता ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. बावीस मजली इमारत, विकताना ‘ग्रीन’ म्हणून विकलेली. आईची खोली पश्चिमेला, तिचं वय 84. खिडकीची काच पाच चौरस मीटर. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या काचेवर चौरस मीटरला पाच-सहाशे वॅट ऊन सहज पडतं. निम्मं आत आलं धरलं तरी त्या खोलीत सव्वा-दीड किलोवॅटचा हीटर चालू आहे, आणि तो विझवायला आम्ही एसी लावतो. आईला एसीचा वारा सोसत नाही, गुडघे धरतात.

गिरगावच्या आमच्या चाळीत गॅलरीला बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा पडदा, होती. दुपारी तिच्यावर पाणी मारायचं की झालं. म्हणून गेल्या एप्रिलमध्ये आईच्या खिडकीला बाहेरून चिक लावली. त्याआधी साडेचारला खोलीत 37 अंश असायचे, दुसऱ्या दिवशी 33 झाले. आई पंख्याखाली निजली. तिसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली : एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं बाहेरचं रूप, बिघडतं, चोवीस तासांत काढा. काढली. समितीतल्या एकालाही वर येऊन खोलीत पाच मिनिटं उभं राहावंसं वाटलं नाही, याचा मला आजही राग येतो.

एलिव्हेशनच्याच नावाखाली बाल्कनीत कपडे वाळत घालायलाही बंदी आहे. त्यामुळे रणरणत्या उन्हाच्या शहरात आमच्या इमारतीत काही घरांत विजेवर कपडे वाळवायचं यंत्र आलं आहे. हेही कुणी लिहीत नाही.

मरीन ड्राइव्हच्या जुन्या इमारती बघा. खिडक्यांवरून लांब छज्जे फिरवले आहेत. 2018 साली तो परिसर जागतिक वारसा ठरला. त्या छज्ज्यांनी एलिव्हेशन बिघडलं असं कुणी म्हणत नाही. त्याच वर्षी केंद्राची इको निवास संहिता, म्हणजे घरं बांधताना ऊर्जा वाचवण्याची नियमावली, आली. छत सोडून भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला सरासरी 15 वॅटच्या वर जाऊ नये, असं ती सांगते. 2022 च्या दुरुस्तीनंतर ऊर्जा संवर्धन कायद्याने मोठ्या निवासी इमारतींनाही असे नियम लावता येतात. पण ते बांधायच्या इमारतींचं झालं. आम्ही राहतो त्या उभ्या इमारतींच्या पश्चिमेच्या भिंतींचं काय? तिथे रहिवासी स्वतःच्या पैशाने ऊन अडवायला तयार आहे आणि सोसायटी त्याला दंडाची भीती घालते. महापालिकेला खरंच हरित इमारती हव्या असतील, तर बाहेरून लावलेली सावली कुठल्याही सोसायटीला नाकारता येणार नाही, एवढं एक परिपत्रक तिने काढावं.

यंदाच्या वार्षिक सभेत मी पुन्हा अर्ज देणार आहे. चिकेचा रंग समितीने ठरवावा, सगळ्या मजल्यांना एकसारखी लावावी, उंचावर वारा असतो म्हणून खाली-वर पट्टी मारून घ्यावी. आमच्या मजल्याचा खर्च मी देतो. उन्हाळ्याच्या आत मंजुरी मिळावी, एवढीच विनंती. आईला आणखी एक एप्रिल त्या खोलीत काढायला लावणं मला जमणार नाही.

आपला,
निवृत्त प्लांट ऑपरेटर, ठाणे (प.)