स्वतः बांधलेल्या गाडीला पासिंगची वाट द्या: केंद्रीय परिवहन मंत्र्यांना सांगलीहून खुले पत्र

प्रति,
मा. श्री. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
परिवहन भवन, नवी दिल्ली.

विषय: एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी बांधलेल्या एकाच मोटारीच्या तपासणीची व नोंदणीची पद्धत ठरवून देण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

सादर नमस्कार. सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत माझे लेथ आणि फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती आणि शेतीच्या अवजारांची जोडकामे हा आमचा नित्याचा धंदा. त्यातून वेळ काढून मी आणि माझ्या मुलाने एक दोन आसनी मोटार बांधली आहे. तिची चासी सीमलेस पाइपची असून ती आम्ही स्वतः आखली आणि जोडली. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग रॅक आणि चारही चाकांचे ब्रेक अपघातात बॉडी निकामी झालेल्या एकाच मोटारीतले आहेत. त्या मोटारीचे आरसी बुक आणि खरेदीची पावती आमच्याजवळ आहे. गाडी वर्कशॉपच्या आवारात नीट चालते, ब्रेक दाबला की सरळ रेषेत थांबते. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून ती आम्ही फाटकाबाहेर काढलेली नाही.

नोंदणीची चौकशी केली तेव्हा संबंधित अधिकाऱ्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४७ समोर ठेवला. नमुना २० मधील अर्जासोबत नमुना २१ म्हणजे विक्रीचे प्रमाणपत्र लागते आणि नमुना २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र लागते. आमच्या गाडीची विक्री झालेलीच नाही, आणि तिचा उत्पादक म्हणून सही करायला मी तयार असलो तरी नियम १२६ खाली प्रारूपाची, म्हणजे पहिल्या नमुन्याची, चाचणी झाल्याशिवाय त्या सहीला काही अर्थ नाही. अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. कोणताही निरीक्षक आमच्या गाडीपाशी येऊन तिचे वेल्डिंग तपासू शकत नाही, कारण तसे करायला सांगणारा नियमच त्याच्या हाती नाही, आणि माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे.

नियम १२६ मागचा विचार मला मान्य आहे. कारखान्यातून एकाच नमुन्याच्या हजारो मोटारी बाहेर पडणार असतील तर त्यांचा पहिला नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेने कसून तपासलाच पाहिजे, कारण त्यातली एक चूक हजारो घरांत जाते. नव्या मॉडेलच्या मोटारींना ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना ऑक्टोबर २०१९ पासून समोरून व बाजूने धडक देण्याची चाचणी बंधनकारक झाली, याचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु समोरून ताशी ५६ किलोमीटर वेगाने गाडी आदळवण्याची ती चाचणी जगात एकच असलेल्या गाडीवर केली, तर नोंदणी करायला गाडीच उरत नाही. त्यातल्या खर्चाचा भार मोठा कारखाना हजारो ग्राहकांवर वाटू शकतो, एकट्या कारागिराला तो पेलणारा नाही. म्हणून माझी विनंती चाचणी माफ करण्याची नाही. एकेका गाडीला लागू पडेल अशी, तितकीच कडक, वेगळी तपासणी आखून देण्याची आहे.

आमच्या जिल्ह्यातले एक उदाहरण देशाला ठाऊक आहे. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या एका लोहार कारागिराने जुन्या सुट्या भागांपासून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले, आणि नियमांत बसत नसल्यामुळे ती आज ना उद्या अडवली जाईल हे ओळखून तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती बोलेरो त्या कुटुंबाला मिळाली. त्यांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल आदर आहेच. तरीही त्या जीपचे ब्रेक, स्टिअरिंग, दिवे सरकारी यंत्रणेने पाहिले, त्यात अमुक दोष दाखवले, ते दूर केल्यावर नंबर दिला किंवा नाकारला, असे काहीही घडले नाही, कारण तशी सोयच नाही. एखाद्या उद्योगपतीची नजर पडेल की नाही यावर कारागिराच्या कामाचा न्याय अवलंबून राहावा, हे मला पटत नाही. याच जिल्ह्यात १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभारली आणि लोखंडी नांगर घडवले, तेव्हा त्या नांगराची परीक्षा शेतात झाली होती. आमच्या गाडीची परीक्षाही गाडीवरच व्हावी.

सनदशीर वाट नसली की माणसे आडवाट शोधतात, हेही इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. जुन्या गाडीचे कागद आणि नंबर तेवढे ठेवायचे, वरची गाडी मात्र पूर्ण वेगळी बांधायची, असे प्रकार होतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात कलम ५२ चा अर्थ स्पष्ट करताना उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारा बदल चालणार नाही असे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे. ही शिक्षा योग्य आहे. पण जो मनुष्य काहीही न लपवता, मी ही गाडी नव्याने बांधली आहे असे सांगत येतो, त्याच्यासाठीही कायद्यात एक दार हवे.

इतर देशांनी ते ठेवले आहे. ब्रिटनमध्ये हौशी माणसाने बांधलेल्या गाडीची वैयक्तिक वाहन मंजुरीची तपासणी होते. निरीक्षक ब्रेक, स्टिअरिंग, सीटच्या पट्ट्यांची जोडणी, दिवे, आवाज, अगदी बाहेर आलेल्या धारदार कडासुद्धा पाहतात आणि धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावरून ठरवतात. गाडीची ओळख किंवा वय सिद्ध होत नसेल तर तिला ‘क्यू’ अक्षराचा नंबर मिळतो, म्हणजे पुढच्या खरेदीदाराची फसवणूक होत नाही. कॅलिफोर्नियाने अशा गाड्यांच्या धुराच्या निकषांत सवलत ठेवली, पण दरवर्षी पहिल्या ५०० अर्जदारांपुरतीच.

आपल्या मंत्रालयानेही अपवाद विचारपूर्वक केले आहेत. २०२१ मध्ये ५० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आली; तिला २० हजार रुपये शुल्क आहे आणि रोजच्या वापराला मनाई आहे. २०१८ मध्ये ठरावीक परदेशी मानके पूर्ण करणाऱ्या मोटारी वर्षाला २,५०० पर्यंत इथल्या प्रारूप चाचणीशिवाय आयात करण्याची मुभा देण्यात आली. परदेशातून येणाऱ्या २,५०० गाड्यांचा विचार होऊ शकतो, तर कुपवाडच्या एका गाडीचाही व्हावा.

त्यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नसावी, असे मला वाटते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११० (३) प्रमाणे केंद्र सरकारने ठरवलेल्या अटींवर राज्य सरकार कोणत्याही मोटार वाहनाला बांधणीच्या नियमांतून सूट देऊ शकते. म्हणजे अटी आपण लिहायच्या आहेत. चासीची रेखाचित्रे आणि जोडकामाची तपासणी सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या मान्य संस्थेकडून करून घ्यावी. नियम ९६ मधील ब्रेक, ९८ मधील स्टिअरिंग, १०० मधील सुरक्षित काच, ११७ मधील स्पीडोमीटर या बाबी एकेका गाडीवर मोजता येतात. त्यांची प्रत्यक्ष चाचणी पुण्यातील संस्थांनी, गाडी न मोडता, पूर्ण शुल्क घेऊन करावी. आम्ही गाडी ट्रकवर लादून पुण्याला आणू. तपासणीत उतरलेल्या चासीवर शासनानेच क्रमांक कोरावा. सुट्या भागांच्या पावत्या आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा मागावा, म्हणजे चोरीचा माल या वाटेने येणार नाही. गाडी खासगी वापरापुरतीच असावी, द्रुतगती मार्गावर तिला मनाई असावी आणि काही वर्षे ती विकता येऊ नये, या अटीही मला मान्य आहेत.

धुराचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. देशात १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ हे मानक लागू आहे आणि हवेच्या बाबतीत सूट मागण्याचा मला हक्क नाही. नव्याने बांधलेल्या गाडीत जुने इंजिन बसवू द्यायचे झाले तर किमान बीएस-४ या आधीच्या मानकाची अट घालून अशा गाड्यांची वार्षिक संख्या थोडी ठेवता येईल. आणि तेही मंत्रालयाला योग्य वाटत नसेल, तर बीएस-६ इंजिन किंवा मंजुरीप्राप्त विद्युत मोटार व बॅटरी यांच्यापुरतीच ही वाट खुली करावी. तसे ठरले तर आमच्या गाडीतले इंजिन आम्ही बदलू.

या नियमांचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, आणि तो तयार करताना कारखानदारांच्या संघटनांबरोबर कुपवाड, मिरज, कराड, सातारा इथल्या वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्यांचेही म्हणणे ऐकून घ्यावे, ही विनंती. आमची गाडी, तिची रेखाचित्रे आणि सर्व पावत्या मंत्रालयाने पाठवलेल्या कोणत्याही निरीक्षकासमोर ठेवायला आम्ही तयार आहोत.

आपला विश्वासू,
कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एक वर्कशॉपचालक,
जि. सांगली

प्रत: मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई.