मशीन सगळं करतं, मग मी काय करते?

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "मशीनच सगळं करतं, मग तुम्हाला पगार कशाचा देतात?" खाली शॉपमध्ये इतका आवाज होता की धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्या लेथवर जॉब (आई, म्हणजे घडवायचा तुकडा) फिरायचा आणि टूल फक्त सरकायचं. आमच्या व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या उभ्या मशीनवर, उलटं आहे. जॉब टेबलावर फिक्स्चरमध्ये, म्हणजे पकडून ठेवणाऱ्या चौकटीत, आवळलेला असतो आणि फिरतं ते टूल, उभ्या स्पिंडलमध्ये, म्हणजे फिरत्या दांड्यात. टेबल डावी-उजवीकडे जातं तो एक्स अक्ष, पुढे-मागे तो वाय आणि हेड खाली-वर होतं तो झेड. तिन्हींना हलवायला सर्वो मोटर आणि बॉलस्क्रू, म्हणजे गोळ्यांवर चालणारा स्क्रू. तुम्ही हँडलचा बॅकलॅश, म्हणजे स्क्रूमधला ढिलेपणा, हाताच्या अंदाजाने सांभाळायचात, इथे तो जवळपास नसतोच. प्रोग्रॅममध्ये एम०६, म्हणजे टूल बदलायचा कोड, आला की आर्म येतो, ड्रिल काढून मॅगझिनमध्ये, म्हणजे टूलच्या साठ्यात, ठेवतो आणि आटे पाडायचा टॅप लावतो. दोन-तीन सेकंदांत. पहिल्यांदा बघताना मजा वाटते, नंतर कुणी मान वर करून बघतही नाही.

पण जॉब टेबलावर नेमका कुठे आहे, हे मशीनला कोण सांगणार? ते मी सांगते. स्पिंडलला डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप, लावायचा, जॉबच्या बोअरमध्ये (गोल भोकात) फिरवायचा, काटा हलेनासा झाला की सेंटर सापडलं. तो आकडा जी५४ मध्ये, म्हणजे मशीन जॉबची जागा जिथून वाचतं तिथे, टाकायचा. म्हणजे तुम्ही चार जॉच्या चकवर करायचात तेच! मग प्रत्येक टूलची लांबी ऑफसेटमध्ये भरायची. पहिला पीस सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवत), रॅपिड म्हणजे रिकाम्या हालचालीचा वेग कमी करून, एक बोट फीड होल्डवर, म्हणजे हालचाल थांबवायच्या बटणावर, ठेवूनच काढते.

सध्या बिडाची हाउसिंग चालू आहेत. कास्टिंग आपल्या शिरोलीकडूनच येतात. बोअर ५२ मिमी, सूट एच७, म्हणजे शून्य ते अधिक ३० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग); केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. इन्सर्ट, म्हणजे टूलचं बदलतं पातं, झिजला की बोअर लहान यायला लागतो. बोअर गेजवर ते दोन-तीन पीस आधीच दिसतं, तेव्हाच बोअरिंग बार किंचित बाहेर काढायचा. मशीन स्वतःहून हे करत नाही. आणि सगळं झाल्यावर बोअरमध्ये ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमध्ये हवेने राहिलेली पोकळी, उघडं पडलं, की चिडचिड होते. फाउंड्रीवाले म्हणतात मशिनिंग बघा, आम्ही म्हणतो कास्टिंग बघा.

आई, हाताची काळजी करू नकोस. दार लागल्याशिवाय सायकल सुरूच होत नाही, आणि चिप्स हुकने काढतो, हाताने नाही. केस टोपीत असतात. नाकात मात्र बिडाचा काळा भुगा जातो, मास्क लावला तरी थोडा जातोच.

गणपतीला रजा टाकली आहे, मिळेल असं सुपरवायझर म्हणाले. बाबा, तुमचा तो जुना डायल लागणार नसेल तर मी घेऊन येईन इकडे. आमच्या डायलसाठी दोन शिफ्टमध्ये रोज भांडणं होतात.

तुमची लेक