पाणी किती वाजता लागतं, हे विचारल्याबद्दल

प्रिय मॅडम, आणि विद्यापीठाच्या शांतता केंद्रातल्या तुमच्या सहाही मुला-मुलींनो,

आमच्या इमारतीतलं पाण्याचं भांडण मिटवल्याबद्दल सोसायटीची सेक्रेटरी म्हणून तुमचे आभार मीटिंगच्या इतिवृत्तात लिहून झाले. तेवढ्यानं माझं समाधान होईना. धारावीत आणि आजूबाजूला आमच्यासारख्या कितीतरी इमारती आहेत, त्यांनाही कळावं म्हणून हे पत्र सगळ्यांसाठी.

मार्चमध्ये तुम्ही पहिल्यांदा आलात त्याआधी पोलिसांची गाडी आमच्याकडे दोनदा येऊन गेली होती. खालची टाकी एक, पंप एक, आणि वर ए आणि बी विंगच्या दोन टाक्या. पहाटे पंप लावला की पाण्याचा वॉल्व आधी कुणाकडे फिरवायचा, यावरून भांडण. रोजे चालू होते, बी विंगला सहरीच्या, म्हणजे रोजा धरण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाच्या, आधी पाणी हवं. ए विंगचं म्हणणं, रोज त्यांनाच का आधी? पाणी कमी दाबानं येत होतं, दुसऱ्या टाकीत जेमतेम तळ भिजायचा. मग कुणीतरी मोबाइलवर टाकलं, 'त्यांनी आपलं पाणी तोडलं.' झालं. त्या रात्रीपासून जिन्यात भेटलेली माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली.

मी मुंबईच्या दंगलीतला १९९३चा जानेवारी पाहिलाय. डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसं गेल्याचं दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगानं नोंदवलं. आमच्या गल्लीतली तीन कुटुंबं त्यानंतर मुंब्र्याला गेली ती परत आलीच नाहीत. त्यातल्या एका घरी मी शिवण शिकले होते. म्हणून तो मेसेज वाचला आणि माझे हातपाय गार पडले.

खरं सांगते, तुम्ही एकोप्यावर भाषण कराल असंच मला वाटलं होतं. तसली भाषणं आम्ही खूप ऐकलीत. तुमची मुलं मात्र दोघं-दोघं करून ८४ घरांची दारं वाजवत फिरली आणि एवढंच विचारत राहिली: पाणी तुम्हाला किती वाजता लागतं, आणि कशाला? चूक कुणाची, हे एकदाही विचारलं नाही. ज्यांनी दार उघडलं नाही त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी परत गेली. बी विंगच्या आपा तर म्हणाल्या, एवढ्या वर्षांत माझ्या मोरीची चौकशी करणारं हे पहिलंच माणूस.

मग ऑफिसच्या भिंतीवर तो खाकी कागद लागला. पहाटे चारपासून दहापर्यंतचे तास आखलेले, आणि प्रत्येक घराची एक टिकली. दोन विंगना दोन रंग का नाही, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, 'मुद्दाम.' सगळ्या टिकल्या एकाच मरून रंगाच्या. लांबून बघितलं तर चार ते पाचमध्ये दाट पुंजका. त्यात सहरीवाली घरं होती, तशाच ए विंगच्या दोघी पोळीभाजीवाल्या, दादरच्या फुलबाजारात जाणारे भाऊ आणि ससून डॉकला निघणारी मावशीही होती. सगळ्यात मोठ्यानं भांडणाऱ्यांच्या टिकल्या आठच्या पुढे. माझीही साडेआठला होती. त्या कागदापुढे मी बराच वेळ उभी राहिले.

बैठकीत तुम्ही एकच नियम घातलात. आपलं बोलायच्या आधी समोरच्यानं काय सांगितलं ते त्याला सांगायचं, तो 'हो, हेच' म्हणेपर्यंत. बी विंगच्या टॅक्सीवाल्या चाचांनी पोळीभाजीवालीचं म्हणणं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडून आलं, 'साडेचारला कणीक नाही भिजली तर डबे जात नाहीत, आणि डबे नाही गेले तर मुलीची फी जात नाही.' ती 'हो' म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. खोलीतला आवाज तिथेच उतरला.

आणि मग आजोबा. रात्री पंप लावला असता तर दोन्ही टाक्या पहाटेआधी भरल्या असत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पंपाच्या खोलीला लागून आजोबांचं घर, आजी आजारी, म्हणून रात्रीचा पंप बंद झालेला. तुमच्यातल्या एका मुलीनं त्यांना साधं विचारलं, अजून त्रास होतो का? ते म्हणाले, 'ती जाऊन दीड वर्ष झालं. त्यानंतर कुणी विचारायला आलंच नाही.' आजीच्या तेराव्याला आम्ही दोन्ही विंगची माणसं जेवून आलो होतो, मॅडम.

शेवटच्या दिवशी तुम्ही भिवंडीचं सांगितलंत. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी होरपळलेलं ते गाव. तिथे १९८८पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या, म्हणजे पोलीस आणि वस्तीतल्या दोन्ही समाजांच्या माणसांच्या समित्या, बसवल्या आणि मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे १९९४मध्ये निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मुंबईत तेच काम उभं केलं. गावांसाठी २००७पासून तंटामुक्त मोहीम होती, तशी शहरातल्या बिल्डिंगींसाठी काही असावं असं मला फार वाटतं. २०२३च्या मध्यस्थी कायद्यात वस्तीतल्या तंट्यांसाठी तीन मध्यस्थांच्या पॅनेलची तरतूद आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्यातला समझोता कोर्टाच्या हुकुमासारखा बजावता येत नाही, यावर आमच्या खजिनदारांनी नाक मुरडलं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आमचा समझोताही साध्या वहीच्या पानावर आहे आणि अजून कुणी मोडलेला नाही.

आता पंप रात्री साडेदहाला लागतो. खाली रबरी पॅड टाकलेत, त्याचा खर्च दोन्ही विंगनी निम्मा-निम्मा उचलला. बटण आजोबाच दाबतात. पंप लावल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, वॉल्व कुठे, सगळं ते वहीत लिहितात आणि शेजारी आपांची नाहीतर पोळीभाजीवालीची सही घेतात. सही करायला आलेलीला चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. पुढच्या वेळी याल तेव्हा रात्री या, म्हणजे तुम्हालाही मिळेल.

तुमची,
ए विंगची सेक्रेटरी काकू