जुलाब कशाने झाले ते कधी कळणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मृगाचा पाऊस पडून गेला की पंधरा दिवसांत तुमच्या पेपरात एक बातमी हमखास येते, अमुक गावात दूषित पाण्यामुळे उलट्या-जुलाबाची साथ, लहान मुलं जास्त, आरोग्य पथक गावात, पाण्याचे नमुने तपासणीला पाठवले. मग बातमी तिथंच संपते. पाण्याच्या नमुन्याचं काय झालं ते कधीमधी छापून येतं, पण पोरांच्या पोटात नेमका कोणता जंतू होता हे मी आजवर एकदाही वाचलेलं नाही, आणि मी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस आहे.

माझं पारोळा तालुक्यात मेडिकल आहे, एकोणीस वर्षं झाली. पावसाळ्यात सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक बहुतेक एखादी माय असते, कडेवर मलूल पोरगं, "भाऊ, मना पोऱ्याले जुलाब लागनात, एखादी गोयी दे ना." तिला जुलाब बंद व्हायची गोळी पाहिजे असते. ती गोळी म्हणजे लोपरामाईड, ती लहान पोराला द्यायची नसते, आणि जुलाबात रक्त असेल तर अजिबातच नाही, कारण आतडं थांबवलं की जंतूचं विष आतच कोंडून राहतं. मी देत नाही, तर ती पुढच्या दुकानात जाते.

दोन वर्षांपूर्वी हे आमच्याच घरात आलं. आखाजी होऊन महिना झालेला, नळाला नवव्या दिवशी पाणी आलं होतं. माझा पुतण्या पावणेदोन वर्षांचा. पहिल्या दिवशी ताप आणि पातळ जुलाब, गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या अँटिबायोटिकचं सिरप लिहून दिलं, ते सिरप माझ्याच दुकानातून गेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे वहिनीने मला उठवून दुपटं उघडून दाखवलं, हिरवट शेंबडासारखी आव आणि त्यात रक्ताचे लाल धागे, सगळं मिळून चमचाभर. पोरगं दर वीस मिनिटांनी कुंथत होतं, रडत होतं पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसेना, हळूहळू खाली गेली. ते मी अजून विसरलो नाही.

तसेच धुळ्याला नेलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, अँटिबायोटिकच्या आधी संडासाची कल्चर टेस्ट, म्हणजे त्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी, केली का? कोण करणार. त्यांनी नमुना घेतला, तीन दिवसांनी रिपोर्ट आला, काहीच उगवलं नाही, कारण औषध आधीच पोटात गेलेलं. डॉक्टर मात्र दोन दिवस वहिनीला सारखं एकच विचारत होते, लघवी केली का, किती वेळा, डायपर जड लागतंय का. पोरगं सहा दिवसांनी घरी आलं, आज अंगणात सायकल चालवतंय. पण त्याला काय झालं होतं हे आम्हाला आजही माहीत नाही.

लघवीचं का विचारत होते ते मी नंतर समजून घेतलं आणि ते प्रत्येक आईबापाला माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं. ई-कोलाय हा जंतू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो, थिओडोर एशरिक नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तो तान्ह्या बाळांच्या संडासातच शोधला, आणि बहुतेक ई-कोलाय काही त्रास देत नाहीत. पण जंतूंनाही व्हायरस लागतात, आणि असा एखादा व्हायरस विष बनवायचा जीन त्यात सोडून जातो. रक्ताची आव करणारा शिगेला नावाचा जंतू आहे, त्याच्या एका जातीकडे असतं तसलंच विष मग हा साधा ई-कोलाय बनवायला लागतो. १९८२ साली अमेरिकेत ओ१५७ नावाचा प्रकार असाच पहिल्यांदा लक्षात आला, हॅम्बर्गर खाऊन लोकांना रक्ताचे जुलाब झाले तेव्हा. ते विष रक्तातून किडनीत जातं, आणि जुलाब उतरणीला लागले, चला सुटलो असं वाटतं तेव्हाच साधारण आठवडाभरात लघवी कमी होते, पोरगं पांढरंफटक पडतं. पाच वर्षांखालच्या पोरांना याचा धोका सगळ्यात जास्त. आणि या प्रकारात काही अँटिबायोटिक देऊन किडनीचा धोका उलट वाढू शकतो. शिगेला असेल तर मात्र योग्य अँटिबायोटिक द्यावंच लागतं! दुपट्यावर दिसतं ते रक्त तेच, औषध एकात लागतं आणि दुसऱ्यात घात करू शकतं, मग तपासल्याशिवाय कसं कळणार?

आणि हे जंतू एका जागी थांबत नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत अशाच विषारी ई-कोलायची साथ आली, ३८०० च्या वर लोक आजारी पडले, ५० च्या वर गेले, त्यात मोठी माणसंच जास्त होती, आणि मूळ निघालं मोड आलेल्या मेथीत, मेथीचं बी इजिप्तहून आलेलं. बांगलादेशात जुलाब झालेल्या पोरांच्या नमुन्यात एक जंतू सापडला होता, तो १९९१ च्या सुमारास भलत्याच नावाने नोंदवला गेला, मग २००३ मध्ये कळलं की हा वेगळाच आहे, ई-कोलायचा भाऊबंद, त्याला एशरिकिया अल्बर्टी नाव दिलं. कोणीतरी परत बारकाईने पाहिलं म्हणून तो सापडला. आपल्याकडे केसपेपरवर फक्त "उलटी-जुलाब" लिहिलेलं असतं, त्यात काय सापडणार.

केरळात कासरगोडला २०२२ च्या मे महिन्यात शोरमा खाऊन एक मुलगी दगावली, तिथं थोड्याच दिवसांत शिगेला सापडल्याचं जाहीर झालं. शिगेलाचे दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो, म्हणजे पाणीच लागतं असं नाही, पोराचं ढुंगण धुतलेला हात नीट साबणाने धुतला नाही आणि त्याच हाताने दुसऱ्याला घास भरवला की झालं. त्यात आता शिगेलाला नेहमीची औषधं लागू पडेनाशी झालीत, जागतिक आरोग्य संघटनेने औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या २०२४ च्या यादीत फ्लोरोक्विनोलोन जातीच्या अँटिबायोटिकला न जुमानणारा शिगेला वरच्या गटात टाकलाय, आणि ऑफ्लॉक्सासिन त्याच जातीचं औषध आहे, जे आपल्याकडे प्रत्येक जुलाबाला पहिल्या दिवशी लिहिलं जातं.

पाण्याचं म्हणाल तर आठ-नऊ दिवस पाइप रिकामा पडून राहतो, शेजारून गटार वाहते, पाणी सुटलं की घरोघर मोटारी लागतात आणि पाइपाच्या फटीतून गटारीचं पाणी आत ओढलं जातं. ग्रामपंचायतीला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड मिळालेलं असलं तरी शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन येतं का हे बघायला कोणी येत नाही. त्यावर तुम्ही खूप लिहिलंय, म्हणून मी वाढवत नाही.

पण एक सांगायचं राहिलं, ओआरएसचं, म्हणजे जुलाबात पाण्यातून द्यायच्या मीठ-साखरेच्या पावडरीचं. २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम टाकायचं असतं, आमच्याकडे बाया चिमूट चिमूट ग्लासात टाकतात, कारण पाकीट पुरवायचं असतं. झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची असते, ती तिसऱ्या दिवशी बंद होते. आणि ओआरएस लिहिलेले गोड ज्यूसचे डबे किती वर्षं विकले गेले, २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने ते नाव वापरायला बंदी घातली तेव्हा कुठे त्याला चाप बसायला लागला.

माझं मागणं फार मोठं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं मायक्रोबायोलॉजीचा, म्हणजे जंतू तपासायचा, विभाग असतोच. तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नमुना ठेवायच्या कॅरी-ब्लेअरच्या बाटल्या ठेवा, बोटाएवढी बाटली असते, त्यात जंतू जिवंत राहतो आणि सातपुड्यातल्या अक्कलकुवा-धडगावहूनसुद्धा नमुना लॅबला पोहोचू शकतो. ज्या पोराच्या जुलाबात रक्त आहे किंवा जे पोर दाखल करावं लागलं त्याचा नमुना अँटिबायोटिकच्या आधी घ्या, सलाईन-ओआरएस तेवढ्या वेळात चालूच राहील, त्याला कोणी अडवत नाही. साध्या कल्चरमध्ये घातक ई-कोलाय वेगळा ओळखू येत नाही, म्हणून साथीतले काही नमुने पीसीआरला, म्हणजे जंतूतला विषाचा जीन ओळखणाऱ्या तपासणीला, पाठवा. आणि काय सापडलं ते महिन्याच्या महिन्याला जाहीर करा, म्हणजे गावातल्या डॉक्टरला पण समजेल की यंदा काय फिरतंय आणि कोणतं औषध लागू पडतंय.

साहेब, यंदा साथीची बातमी आली की तुमच्या वार्ताहराने पाण्याच्या नमुन्याबरोबर हेही विचारावं, किती पोरांच्या संडासाचे नमुने घेतले, कुठं पाठवले, काय निघालं. आणि जे उत्तर मिळेल ते छापा, "एकही घेतला नाही" असं मिळालं तरी छापा.

आपला नियमित वाचक,
एक मेडिकलवाला, ता. पारोळा, जि. जळगाव