एका छपराखालच्या दोन शाळा

मेरीलँड, अमेरिका
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू जे विचारलेस त्याचे उत्तर घाईने द्यावे असे वाटेना. तुमच्या संस्थेने येत्या जूनपासून चाळणी परीक्षा घेऊन आठवीला चाळीस मुलांची एक विशेष तुकडी काढायचे योजले आहे. तिला निवडक शिक्षक, स्वतंत्र वर्गखोली आणि प्रयोगशाळेचे जादा तास मिळायचे आहेत, आणि मुख्याध्यापक म्हणून तुझा लेखी अभिप्राय मागवला आहे. ‘तुमच्याकडे मॅग्नेट म्हणतात ते हेच का, आणि त्याचे पुढे काय होते?’ असे तू विचारतोस. माझी मुलगी गेली दोन वर्षे अशाच एका वर्गात शिकते आहे, म्हणून वाचलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले असे दोन्ही लिहितो.

मॅग्नेट, म्हणजे लोहचुंबक, हा शब्द येथल्या शाळांसाठी आला तो हुशार मुलांना वेगळे काढण्यासाठी आला नव्हता, हे सगळ्यांत आधी सांगितले पाहिजे. 1954 साली ‘ब्राउन’ खटल्यात येथील सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पण मुले जात होती ती घराजवळच्या शाळेत, आणि वस्त्याच वेगळ्या होत्या. त्यामुळे कायदा बदलून बरीच वर्षे लोटली तरी अनेक शहरांत वर्ग जसेच्या तसे राहिले. 1971 मध्ये शार्लट शहराच्या खटल्यात न्यायालयाने मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत नेण्यास मान्यता दिली. त्यावर केवढा क्षोभ उसळला हे बॉस्टनमध्ये 1974 च्या सप्टेंबरात दिसले, जेव्हा काळ्या मुलांना नेणाऱ्या बसगाड्यांवर गोऱ्या जमावाने दगड मारले. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय शहराच्या योजनेत त्यांच्या शाळांना ओढता येणार नाही. ज्यांना सक्ती नको होती त्यांना उपनगरात घर घेण्याची वाट मोकळी झाली आणि शहरांपाशी मनधरणीखेरीज फारसे काही उरले नाही.

ती मनधरणी म्हणजे मॅग्नेट. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात, काळ्या वस्तीतल्या मॅकार्व्हर प्राथमिक शाळेत 1968 साली हा पहिला प्रयोग झाला, असे मानतात. कल्पना सरळ होती. ज्या शाळेकडे गोरे पालक पाठ फिरवतात तिथेच काहीतरी असे उत्तम, दुसरीकडे न मिळणारे ठेवायचे की ते आपण होऊन मूल घेऊन येतील; लोहचुंबकाने लोखंडाचा कीस ओढावा तसे. 1976 पासून केंद्र सरकार अशा शाळांना अनुदान देऊ लागले. जबरदस्तीवाचून मुले एकत्र यावीत या हेतूबद्दल मला आजही आदर वाटतो, आणि पुढचे सगळे वाचताना तो हेतू तू लक्षात ठेवावास अशी माझी इच्छा आहे.

पण ज्याला ओढायचे त्याच्या सोयीने सगळे ठरू लागते. राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) 1980 च्या दशकाच्या मध्यावर मॅग्नेट सुरू झाले. काळ्या-गोऱ्यांचे प्रमाण राखायचे म्हणून गोऱ्या मुलांसाठी जागा राखून ठेवल्या गेल्या, आणि ती मुले आली नाहीत तेव्हा बाके रिकामी राहिली, तर शाळेच्या आसपास राहणारी काळी मुले प्रतीक्षायादीत थांबली. मिसुरी राज्यात कॅन्सस सिटीमध्ये न्यायाधीश रसेल क्लार्क यांच्या आदेशाने नव्या शाळा, तारांगण, ऑलिम्पिक मापाचा तरणतलाव असे सारे उभे राहिले. तरीही उपनगरांतली मुले अपेक्षेइतकी आली नाहीत, आणि 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशांना लगाम घातला.

पुढे कायद्याचा काटाच फिरला. आमच्या शेजारच्या माँटगोमेरी काउंटीत एका गोऱ्या मुलाला पहिलीसाठी गणित-विज्ञानाच्या मॅग्नेट शाळेत बदली हवी होती. त्याच्या मूळ शाळेतले प्रमाण बिघडेल म्हणून ती नाकारली गेली, आणि 1999 मध्ये अपील न्यायालयाने ही नकारघंटा बेकायदा ठरवली. 2007 साली सिएटल आणि लुइव्हिलच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने तोच कल देशभर लागू केला: न्यायालयाचा जुना आदेश चालू नसेल, तर एकेका मुलाचा वंश पाहून शाळा त्याला जागा देऊ किंवा नाकारू शकत नाही. या निकालांच्या बऱ्यावाइटाबद्दल येथे सज्जनांतही मतभेद आहेत. मला त्यांचा परिणाम सांगायचा आहे. मिश्रण हा ज्या योजनेचा प्राण होता तिच्यातून मिश्रणाचे साधन निघून गेले. आणि जिथे प्रवेश सोडतीने होत नव्हता तिथे मागे उरली ती परीक्षा, शिफारसपत्रे आणि प्रतीक्षायादी.

आता डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. मॅग्नेटचे दोन प्रकार आहेत. एकात संपूर्ण शाळाच मॅग्नेट असते. दुसऱ्यात वस्तीची साधी शाळा असते आणि तिच्या पोटात मॅग्नेटचे वर्ग असतात. काही मुले घरून चालत येतात, तर काही पंधरा-वीस मैलांवरून पिवळ्या बसने. माझी मुलगी दुसऱ्या प्रकारच्या शाळेत आहे. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण तिथले शिक्षक मनापासून शिकवतात आणि दोष एका शाळेचा नाही. बाहेरून पाहिले तर शाळेची आकडेवारी दृष्ट लागावी अशी आहे: काळी, गोरी, लॅटिन अमेरिकी आणि आशियाई मुले जवळपास सारख्या प्रमाणात. पण पालकांसाठीच्या सायंकाळी मुलीचे वेळापत्रक हातात घेऊन मी तिच्या मागोमाग एकेका वर्गात गेलो, तेव्हा गणित, विज्ञान, संगणक आणि इंग्रजी या चारही वर्गांत तीच ती मुले, आणि बहुतेक आमच्यासारख्यांची किंवा गोऱ्यांची. व्यायामाचा तास, संगीत आणि जेवणाची सुट्टी एवढ्यापुरतीच ती इतरांत मिसळतात. जेवणाच्या टेबलांवरही वर्गाप्रमाणेच घोळके बसतात, कारण ओळखी वर्गात होतात. मॅग्नेटचे वर्ग वरच्या मजल्यावर आहेत. आमच्याच इमारतींच्या आवारात राहणारी, पाचवीपर्यंत मुलीच्या शेजारी बसणारी एक मुलगी आहे. तिचे आईवडील एल साल्वादोरचे. दोघेही रात्रपाळी करतात. मागच्या वर्षी ती जिन्यात माझ्या मुलीला म्हणाली, “तू आता वरची झालीस.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मुलीने ते घरी येऊन सांगितले तेव्हा मला काही सुचेना.

मला त्या वेळी तू आठवलास. सातवीपर्यंत आपण एका बाकावर होतो. आठवीला गुणांप्रमाणे तुकड्या पडल्या. मी ‘अ’मध्ये आलो आणि तू ‘ड’मध्ये गेलास, पत्र्याच्या शेडमधल्या वर्गात, जिथे पावसाळ्यात गुरुजींचा आवाज ऐकू येत नसे. भूमितीतले प्रमेय तू मला पाराखाली बसून समजावत होतास आणि तरीही त्याच तिमाहीपासून तू स्वतःच म्हणू लागलास की, ‘आमच्या तुकडीला एवढे लागत नाही.’ तेरा वर्षांच्या मुलाला हे कोणी शब्दांत सांगितले नव्हते. वर्गाच्या दारावरच्या अक्षरावरून, बदलून आलेल्या शिक्षकांवरून, प्रयोगशाळेच्या कुलपावरून त्याने ते आपले आपण शिकून घेतले होते. तू पुढे बाहेरून परीक्षा देत शिकलास आणि आज त्याच गावात मुख्याध्यापक आहेस हे तुझे कर्तृत्व. शाळेने तुला कमी लेखले ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. मला ‘अ’ तुकडीत असताना यातले काही दिसले नव्हते, याची खंत मी तुला कधी बोलून दाखवली नाही, आज लिहितो.

माझ्या घरापासून तासाभराच्या आत असलेल्या वॉशिंग्टन शहरात हेच एकदा न्यायालयापुढे आले होते. तिथल्या सरकारी शाळांत चार मार्ग ठरवले होते: सर्वांत वर विशेष, मग महाविद्यालयाची तयारी, मग सामान्य, आणि तळाशी प्राथमिक स्वरूपाचा. ज्युलियस हॉब्सन या पालकाने दावा लावला आणि 1967 च्या जूनमध्ये न्यायाधीश स्केली राइट यांनी ती पद्धत रद्द केली. ज्या चाचण्यांवरून मुलांची वाटणी होई त्या मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर बेतलेल्या होत्या, त्यामुळे त्या गरीब मुलांची खरी कुवत मोजू शकत नव्हत्या. आणि एकदा खालच्या मार्गाला लागलेले मूल क्वचितच वर येई. यातला दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. परीक्षा चुकतेच, चूक दुरुस्त करायला दार उघडे आहे का, हे पाहिले पाहिजे.

तू निष्पक्ष उत्तर मागितलेस, म्हणून दुसरी बाजूही लिहितो, आणि ती हलकी नाही. वेगाने शिकणाऱ्या मुलाला रोज तेच तेच गिरवायला लावणे हाही अन्याय आहे, आणि तो सर्वांत जास्त गरिबाच्या मुलाला भोवतो, कारण श्रीमंताचे मूल शिकवणीला जाऊ शकते. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत पूर्वी शिक्षक किंवा पालक ज्यांचे नाव सुचवतील त्यांचीच विशेष वर्गासाठी तपासणी होई. 2005 पासून दुसरीतल्या प्रत्येक मुलाला एक छोटी, भाषेवर न विसंबणारी चाचणी देण्यात आली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा विशेष ठरलेल्या काळ्या मुलांचे प्रमाण 80 टक्क्यांनी आणि लॅटिन अमेरिकी मुलांचे 130 टक्क्यांनी वाढलेले आढळले. मुले तीच होती. तोवर त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते. पुढे आर्थिक ओढाताणीत सार्वत्रिक चाचणी थांबली आणि जुनी तफावत परत आली. त्याच काउंटीत आणखी एक नियम होता: शाळेत एक जरी विशेष मूल असेल तरी तिथे वेगळा वर्ग काढायचा, आणि उरलेल्या जागा त्याच शाळेतल्या चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांनी भरायच्या. अशा वर्गात जागा मिळालेल्या काळ्या आणि लॅटिन अमेरिकी मुलांची प्रगती लक्षणीय झाली, आणि बाहेर राहिलेल्यांचे नुकसान झाल्याचे दिसले नाही. तेव्हा ‘वेगळा वर्ग म्हणजे पाप’ असे मी तुला लिहिणार नाही.

सॅन फ्रान्सिस्कोने उलट टोक गाठून पाहिले. 2014 पासून आठवीत कोणालाच बीजगणित शिकवायचे नाही असे ठरले. ज्यांना परवडत होते त्यांनी बाहेर शिकवले, आणि 2024 च्या फेब्रुवारीत तिथल्या शिक्षण मंडळाने ते परत आणायचे ठरवले. वरचा जिना काढून टाकल्याने खालच्या मजल्यावरचे कोणी वर चढत नाही.

माझी स्वतःची जागाही तुझ्यापासून लपवत नाही. आमच्या ओळखीच्या मराठी घरांत मूल तिसरीत गेले की या चाचणीची बोलणी सुरू होतात. सरावाच्या पुस्तिका हातोहात फिरतात, शनिवारचे क्लास लागतात. मीही मुलीला दोन महिने रोज संध्याकाळी आकृत्यांची कोडी सोडवायला बसवले होते. त्याच आवारातल्या त्या दुसऱ्या मुलीच्या घरी, मला नंतर कळले, चाचणीबद्दलचा कागद इंग्रजीतून आला आणि कोणी वाचलाच नाही. दोघींमधले अंतर किती हुशारीचे आणि किती त्या कागदाचे, हे मी आता ठरवू शकत नाही. मुलीला तिथून काढावे असेही मला वाटत नाही. ती आनंदाने शिकते आहे.

तेव्हा तुझ्या अभिप्रायात तू काय लिहावेस याविषयी माझे मत असे. तुकडी काढायचीच असेल तर ती मुलांची नसावी, विषयाची असावी. ज्याला गणितात पुढे जायचे आहे तो गणिताच्या तासाला उठून जाईल आणि मराठीला, इतिहासाला, हजेरीला सर्वांच्या बाकावर परत येईल. चाळणीला अर्ज मागवू नयेत. सातवीतल्या सगळ्या मुलांना शाळेच्याच वेळात बसवावे, म्हणजे ज्याच्या घरी नोटीस वाचणारे कोणी नाही तोही सुटणार नाही. दर सत्राला दार पुन्हा उघडावे, आणि किती मुले आत आली ते पालकसभेत वाचून दाखवावे. प्रयोगशाळेचे जादा तास मात्र एकाच तुकडीला देण्याच्या कलमाला तू ठाम विरोध कर. ज्येष्ठ शिक्षकांनी दोन्हीकडे शिकवावे यावरही अडून बस. संस्था पैशाचे कारण सांगेल, पण त्या एका गोष्टीला खरोखरच पैसा लागत नाही, फक्त वेळापत्रक नव्याने आखावे लागते.

येथे मी गेल्या महिन्यात पालकांच्या बैठकीत विचारले की, इंग्रजीचा आणि विज्ञानाचा वर्ग सर्वांसाठी एकत्र करता येईल का, आणि चाचणीचा कागद स्पॅनिशमध्ये आणि इथिओपियातल्या अम्हारिक भाषेतही घरी जाईल का. दुसरी गोष्ट त्यांनी तत्काळ मान्य केली. पहिलीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मॅग्नेटच्याच एका वडिलांनी मला विचारले की, तुमची स्वतःची मुलगी आत असताना तुम्ही हे का मागता. मी तुझी आणि पाराखालच्या प्रमेयाची हकिकत सांगितली. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे, आणि ती याच महिन्याच्या अखेरीस आहे.

तुझ्या संस्थेची बैठक त्याआधी असेल तर तिथे काय ठरले ते मला सविस्तर कळव, आणि गणिताच्या तासापुरते वर्ग बदलण्याचे वेळापत्रक तू आखलेस तर त्याची एक प्रत पाठव. पाच तुकड्यांत आणि एवढ्या थोड्या शिक्षकांत ते बसते हे मला येथल्या लोकांना दाखवायचे आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
‘अ’ तुकडीतला मित्र